सेट होण्याचा नेमका क्षण

“सेट ना? आठवड्यात संपवतो,” दुर्बीणराव म्हणाले, आणि कोशाच्या कचेरीत सगळ्यांच्या माना वर झाल्या.

त्या कचेरीत माना सहसा वर होत नसत. इंग्रजी-मराठी कोशाचं काम तिथे कधी सुरू झालं ते कुणाला आठवत नव्हतं, आणि कधी संपणार हे विचारायची कुणाची छाती नव्हती. अक्षरांमागून अक्षरं जात होती, कोशकारांचे केस पिकत होते, चहा तेवढा वेळेवर येत होता.

दुर्बीणरावांच्या वाट्याला आजवर आले ते एकेका अर्थाचे शब्द. सार्डिन, सॉसपॅन, सीसॉ. सार्डिन म्हणजे एक मासा. लिहिला, संपला. त्यात माणसाने कर्तबगारी दाखवायची कुठे? जी ती गोष्ट डोळे लावून बघण्याच्या खोडीमुळे त्यांना तोंडावर दुर्बीणराव म्हणत, पण पाठीमागे ‘सार्डिनवाले’ म्हणत, आणि हे त्यांच्या कानावर आलेलं होतं. ज्या गृहस्थांकडे सेट हा शब्द होता ते अर्ध्यावर पाठदुखीच्या रजेवर गेले. ती पाठदुखी सेटमुळेच झाली असं कचेरीत सगळ्यांचं मत पडलं. मग मुख्य संपादकांनी तो शब्द दुर्बीणरावांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

मुख्य संपादकांना सगळे ‘सर’ म्हणत. वय झालं तरी सरांच्या डोक्यावर दाट, लाटालाटांचे केस होते. ‘आमच्या आजोळकडून आलेत’ असं ते केसांवरून हात फिरवत सांगत. शब्दासोबत सरांनी दुर्बीणरावांना कपाटाची किल्लीही दिली. चालू अक्षराची सगळी हस्तलिखितं ज्या लोखंडी कपाटात असतात त्याची ही किल्ली, त्या अक्षराचा सगळ्यात मोठा शब्द ज्याच्याकडे असेल त्याने सांभाळायची असा रिवाज होता. चांगली वीतभर लांब, पितळी दांड्याची, टोकाला कंगव्यासारखे दाते. देताना सर चार शब्द बोलले, टाळ्या झाल्या. दुर्बीणराव त्या दिवसापासून किल्ली खिशात घालून, मधूनमधून चाचपत हिंडू लागले.

आता कचेरीचा एक नियम होता. संस्थापकांनी तो मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवला होता: पाहिल्याशिवाय लिहू नये. बाकीचे लोक जुनी आवृत्ती पाहत आणि लिहीत, म्हणजे नियमही पाळला जाई आणि घरीही वेळेवर जाता येई. शेजारच्या टेबलावरचा कोशकार तर जुन्या आवृत्तीतल्या छपाईच्या चुकाही इमानदारीने उतरवून घेई. त्याला ‘झेरॉक्स’ म्हणत. दुर्बीणरावांनी मात्र नियम मनावर घेतला होता. अर्थ आपल्या डोळ्यांनी घडताना पाहायचा, मगच लिहायचा. आणि सरांनी बजावलं होतं की आठवडाअखेर खंड छापखान्यात जाईल. सेटमध्ये जे अर्थ राहून जातील ते झेरॉक्स जुन्या आवृत्तीतून भरून टाकेल. आपल्या आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या शब्दात झेरॉक्सची एक ओळ यावी, ही कल्पना दुर्बीणरावांना झोपेतही सहन होईना.

ते कामाला लागले. सोनाराकडे जाऊन अंगठीत खडा सेट होताना पाहिला आणि लिहिलं, जडवणे. नाटकाच्या थिएटरात सुतारांच्या पायात पायात करत सेट उभा होताना पाहिला. घरात उंदीर नसताना सापळा सेट करून पाहिला, त्यात त्यांचीच चप्पल सापडली. सूर्य सेट होतो तो पाहायला गच्चीवर गेले, तर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, काही पैज वगैरे लागली आहे का? हाड सेट करतात ते पाहायला हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसले. पण कुणाचं तरी हाड मोडेल म्हणून आशेने दाराकडे बघत बसणं काही बरं दिसेना. डॉक्टरांनीच शेवटी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. सुदैवाने त्याच वेळी जिन्यात एक पहिलवान मनगट धरून येताना दिसला आणि तोही अर्थ पदरात पडला.

जसजसे अर्थ जमत गेले तसतशी दुर्बीणरावांना एक गंमत दिसू लागली. इंग्रजीचा एक शब्द सगळीकडे फुकटात राबतो, आणि मराठीला प्रत्येक कामाला वेगळा गडी लागतो. हाड बसवतात, खडा जडवतात, सापळा लावतात, टेबल मांडतात, प्रश्नपत्रिका काढतात, सूर्य मावळतो. नुसतं पातळाचं घट्ट होणं घ्या. दही लागतं, पाक आळतो, खोबरेल थिजतं, पाणी गोठतं, रक्त साकळतं. घरात स्वयंपाक करणारा माणूस हे शब्द चुकून एकमेकांच्या जागी ठेवत नाही. ते बायकोला रोज संध्याकाळी हे सांगत, आणि ती ‘हो का’ म्हणून अंडी फेटत असे.

फेटायचं कारण असं की खंड पूर्ण झाल्याचा समारंभ आठवडाअखेर कचेरीत व्हायचा होता आणि त्याच्या केकचं काम सरांनी दुर्बीणरावांच्या बायकोला दिलं होतं. तिचं हे पहिलंच मोठं काम, म्हणून रोज सराव चालला होता. नेमका त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला ओटा मधोमध चिरला. गवंड्याने ‘आलोच’ म्हणून आठवडा काढला आणि अखेर समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी उगवला. दिवाणखान्यातल्या डुगडुगत्या टेबलावर तीन मजली केक काही उभा राहणार नव्हता. म्हणून तिने गवंड्याला लवकर घट्ट होणारं खास सिमेंट आणायला लावलं. त्याने माल ओतला, थापीने घोटून आरशासारखा गुळगुळीत केला, हात धुतले.

“संध्याकाळपर्यंत सेट होईल,” तो म्हणाला.

दुर्बीणराव दारातच उभे होते. त्यांच्या यादीत एवढा एकच अर्थ उरला होता आणि तो आपल्या पायांनी घरात चालत आला होता. सिमेंटला मराठीत काय होतं? ते लागत नाही, आळत नाही, थिजत नाही. गवंडी म्हणतो, सेट होतं. बरं होतं, पण केव्हा? आता हे पातळ आहे, संध्याकाळी घट्ट असेल. मध्ये कुठेतरी एक क्षण असणारच, ज्याच्या आधी ‘झालं नाही’ आणि ज्याच्या नंतर ‘झालं’. तो क्षण आजवर कुठल्या कोशकाराने पाहिला आहे? त्यांनी गवंड्याला तसं विचारलं. गवंडी आपलं घमेलं उचलून निघून गेला.

बायको लोणी आणि साखर आणायला बाजारात निघाली. तिने बजावलं, “मी येईपर्यंत ओट्याला कुणाला हात लावू देऊ नका.”

“कुणाची टाप आहे?” दुर्बीणराव म्हणाले.

दिलेला शब्द त्यांनी पाळला. हात लावलाच नाही. किल्ली लावली. खिशात तीच होती, दांडा बारीक आणि लांब, अगदी या कामासाठीच घडवल्यासारखी. ओट्याच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथे सहज नजर जाणार नाही तिथे, त्यांनी ती दात्यांकडून हलकेच आत खुपसली आणि बाहेर काढली. भोक आपोआप बुजलं. म्हणजे झालं नाही. किल्ली नीट पुसून ते थांबले. पुन्हा खुपसली. या वेळी भोक रेंगाळत बुजलं. दुर्बीणरावांच्या अंगावर शहारा आला. पुढच्या खेपेला भोक बुजलंच नाही, नुसती कड जरा आत आली. म्हणजे सुरुवात झाली होती! त्यांनी किल्ली तिथेच उभी ठेवली, खुर्ची ओढली आणि तिच्यावर डोळे लावून बसले. किल्ली आपल्या बळावर उभी राहिली की तो क्षण.

आणि तेवढ्यात फोन वाजला. चौकातल्या पार्लरवालीचा होता. केस सेट करतात ते दुर्बीणरावांनी आधी पाहिलं होतं, पण घाईगर्दीत. नीट बघता येईल असं गिऱ्हाईक आलं तर कळवा, असं ते तिला सांगून ठेवून आले होते. आज तसं गिऱ्हाईक आलंय, ती म्हणाली, दाट केस आहेत, सावकाश बघता येईल. दुर्बीणरावांनी किल्लीकडे पाहिलं. किल्ली किंचित कललेली होती. कललेली आहे म्हणजे अजून वेळ आहे, असा त्यांनी हिशोब केला. चौक काही लांब नव्हता. ते पायात चपला सरकवून पळत सुटले.

पार्लरमध्ये गिऱ्हाईक खुर्चीत रेलून बसलं होतं. केसांच्या बटा रोलरवर गुंडाळलेल्या, वर जाळी, त्यावर गरम हवेचं मोठं यंत्र, आणि तोंडावर ओला टॉवेल. दुर्बीणरावांनी वाकून एकेक रोलर न्याहाळला. ओले केस कधी सेट झाले म्हणायचे, वाळल्यावर की रोलर काढल्यावर? आणि रोलर काढल्यावर सरळ झाले तर सेट झाले होते असं म्हणता येईल का? पार्लरवाली हौसेने उत्तरं देत होती. गिऱ्हाईक मात्र ताठ बसलं होतं. हूं नाही की चूं नाही. दुर्बीणरावांनी त्याला अदबीने विचारलं की आतून काही जाणवतं का, म्हणजे आता झाले असं? गिऱ्हाईकाने टॉवेल दोन्ही हातांनी आणखी घट्ट दाबून धरला. लाजाळू माणूस दिसतो, असं म्हणून दुर्बीणराव स्टूल घेऊन त्याच्या शेजारी बसले. एवढं चांगलं उदाहरण अर्ध्यावर सोडून जाणं त्यांना जमलं नाही. यंत्र बंद झालं, रोलर निघाले, दाट केसांच्या लाटाच लाटा मोकळ्या झाल्या. त्या कुठेतरी पाहिल्यासारख्या वाटल्या. मग पार्लरवालीने टॉवेल काढून घेतला.

टॉवेलखालून सर निघाले.

दोघांची आरशात नजरानजर झाली. आजोळकडून आलेले केस असे चौकातल्या पार्लरमधून येतात हे दुर्बीणरावांनी आज डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आपण ते पाहायला नको होतं हेही त्यांच्या ध्यानात आलं. सरांनी घसा साफ केला.

“तुम्ही आज रजेवर आहात ना?”

“हो, सर. ओटा सेट होतोय.”

सरांनी जास्त चौकशी केली नाही. तुटकपणे एवढंच सांगितलं की छापखान्याचा माणूस आज संध्याकाळीच येणार आहे, तेव्हा किल्ली आणि राहिलेला अर्थ घेऊन लगेच कचेरीत या. आणि इकडे तिकडे वेळ घालवू नका.

दुर्बीणराव धापा टाकत घरी पोचले. किल्ली ओट्यात उभी होती. अजून तशीच किंचित कललेली, पण आता डोंगर कलावा तशी. त्यांनी ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. पक्कड आणून ओढली. तेल सोडून ओढली, भिंतीला पाय लावून ओढली. किल्ली हलली नाही, स्वयंपाकघरातला दिवा तेवढा हलला. ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप केला तो क्षण आपण नसताना येऊन गेला होता. त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं.

त्यांनी गवंड्याला बोलावून आणलं. त्याने किल्लीवर टिचकी मारली. छिन्नी-हातोडीने निघेल, पण ओट्याला वरून खालपर्यंत तडा जाईल आणि पुन्हा माल ओतायला आपल्याला पुढच्या आठवड्यापर्यंत सवड नाही, असं सांगून तो हातोडी तिथे ठेवून चहा प्यायला बसला. त्याच वेळी बायको पिशव्या घेऊन दारात आली. तिने किल्ली पाहिली, पक्कड पाहिली, तेलाचा ओघळ पाहिला, ओट्यावर ठेवलेली हातोडी पाहिली. पिशव्या सावकाश खाली ठेवल्या.

दुर्बीणरावांनी सगळं खरं सांगितलं. कपाटात आपली सेटची पानं आहेत. किल्ली गेली नाही तर कपाट उघडणार नाही, सर जुन्या आवृत्तीतला सेट छापतील, आणि मग आपण जन्मभर सार्डिनवाले. बायको ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत ऐकत होती.

“फोडा,” ती म्हणाली. “इतकी वर्षं तुम्ही एका शब्दाची वाट पाहिलीत, मला माहीत आहे. मी एका ओट्याची पाहिली. फोडायचा तर फोडा, मी काही बोलणार नाही.”

ती खरोखरच काही बोलली नाही. ती ओरडली असती तर दुर्बीणरावांनी हातोडी घातली असती. त्यांनी हातोडी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि शेवटी गवंड्याला परत दिली. ओटा फोडायचा नाही, कपाट फोडायचं, असं त्यांनी ठरवलं. वाटेत कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला त्याच्या सगळ्या सामानासकट उठवलं आणि त्याला जवळजवळ ओढतच कचेरीत नेलं.

कचेरीत कपाट सताड उघडं होतं. आतले कप्पे रिकामे होते. छापखान्याचा माणूस गठ्ठा घेऊन कधीच गेला होता.

“कुणी उघडलं?” दुर्बीणरावांनी विचारलं.

“मी,” झेरॉक्स म्हणाला. “असं गुडघ्याने जरा दाबलं की उघडतं ते. कुलूप मोडून जमाना झाला.”

“पण मी रोज किल्ली फिरवून उघडत होतो!”

“फिरते की. किल्ली फिरते, पण तिने काही होत नाही.”

आठवडाभर गावात जे जे काही सेट होतं ते डोळे फाडून पाहणाऱ्या दुर्बीणरावांनी हे कुलूप एकदाही ओढून पाहिलं नव्हतं. किल्ली आपल्याला दिली म्हणजे कुलूप असणारच, असं धरून चालले होते. त्यांना एकदम हातोडीची आठवण झाली आणि ते मटकन खुर्चीत बसले. त्यांची सेटची पानं छापायला गेली होती, एवढं बरं झालं. राहिलेला अर्थही झेरॉक्सने शेजारधर्म म्हणून जुन्या आवृत्तीतून भरून दिला होता. दोनच शब्दांचा: घट्ट होणे. किल्लीवाल्याने कपाटाचं दार दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि कशाला बोलावलं म्हणून कुरकुरत तो निघून गेला.

सर आत आले. केसांच्या लाटा जागच्या जागी होत्या. सरांची नजर मात्र दुर्बीणरावांकडे वळत नव्हती. खिडकीकडे बघत ते म्हणाले की तुमचा शब्द चांगला झाला आहे. मग म्हणाले, “किल्ली तेवढी आणा उद्या. पुढच्या अक्षराचा मोठा शब्द झेरॉक्सकडे जातोय. समारंभात त्याला किल्ली द्यायची आहे.”

“सर, ती तर कशालाच लागत नाही.”

“म्हणून काय झालं? संस्थापकांच्या हातची आहे. रिवाज मोडायचा नाही.”

मग दुर्बीणरावांना सगळं सांगावंच लागलं. पार्लरचा भाग त्यांनी गाळला. सरांनी कपाळाला हात लावला, थोडा वेळ येरझारा घातल्या आणि अखेर निर्णय दिला की किल्ली समारंभाला येऊ शकत नसेल तर समारंभाने किल्लीकडे जावं. नाही तरी केक तिथेच होता.

अशा रीतीने दुसऱ्या दिवशी अख्खं संपादक मंडळ दुर्बीणरावांच्या स्वयंपाकघरात उभं राहिलं. जे आत मावले नाहीत ते दारातून माना लांब करून बघत होते. फोटोवाला खुर्चीवर चढला होता. नव्या ओट्यावर तीन मजली केक ताठ उभा होता, आणि कोपऱ्यात किल्ली. बायकोने तिला स्वच्छ धुऊन पुसून घेतलं होतं. फडकं अडकवायला ती फार सोयीची आहे हे तिला कालच कळलं होतं, पण समारंभापुरतं फडकं तिने काढून ठेवलं होतं.

सरांनी चार शब्द सांगितले. झेरॉक्सने किल्लीला हात लावून ती स्वीकारली असं धरावं, असं ठरलं. झेरॉक्सने हात लावला आणि सवयीने जरा ओढूनही पाहिली. मग दुसऱ्या कोशकाराने ओढली. मग तिसऱ्याने. मग सरांनीही बाह्या सरसावून ओढली. इतकी वर्षं जुन्या आवृत्तीत नाक खुपसून बसलेली ती माणसं किल्लीभोवती गोळा झाली आणि पहिल्यांदाच कशाकडे तरी वाकून बघू लागली. काल सकाळी हे पातळ होतं? थापीने पसरत होतं? मग घट्ट कधी झालं? दुर्बीणरावांना भरून आलं. आपल्याला जी गोष्ट जाणून घ्यायची होती ती आज सगळ्या मंडळालाच जाणून घ्यायची होती.

सर ओट्यावर वाकले होते. कुतूहलाच्या भरात कालचा दिवस ते पार विसरून गेले. किल्लीच्या मुळाशी बोट फिरवत त्यांनी मोठ्याने विचारलं, “दुर्बीणराव, तुम्ही तर पाहिलं असेल. तो नेमका क्षण कधी आला?”

दुर्बीणराव कधी खोटं बोलत नसत. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणणं तर त्यांच्याकडून होणंच शक्य नव्हतं.

“तेवढंच पाहायचं राहिलं, सर,” ते खिन्नपणे म्हणाले. “त्या वेळी मी तुमचे केस सेट होताना पाहत होतो.”

सगळ्यांच्या नजरा किल्लीवरून उठल्या आणि सावकाश वर सरकत सरांच्या डोक्यावर जाऊन थांबल्या. सर वाकलेल्या अवस्थेतच राहिले. फोटोवाल्याला वाटलं सगळे तयार झाले, त्याने फोटो काढला.

“केक घ्या ना, सर,” बायको म्हणाली, आणि तिने सुरी पुढे केली.